न्यायाधीशाने मतं मागावीत का?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ जव्हारची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर शाळा चालवल्या आणि पाचवीच्या पोरांनाही जगाचा नकाशा उलगडून दाखवला. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय इथला हवा आणि नजर लांबची हवी. म्हणून मी अमेरिकेतल्या एका राज्यापासून सुरुवात करणार आहे. पुढे मोखाड्यातल्या नागलीच्या शेतापर्यंत येईनच.

आपण सरपंच निवडतो, पंचायत समितीचा सदस्य निवडतो, आमदार-खासदार निवडतो. न्यायाधीश निवडत नाही. जव्हारच्या कोर्टात बसणारे साहेब लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात कोण बसणार, हे न्यायाधीशांचं कॉलेजियम सुचवतं आणि सरकार नेमणूक करतं. अमेरिकेतही देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेमणूकच होते. पण तिथे प्रत्येक राज्याला स्वतःचं वेगळं सर्वोच्च न्यायालय असतं, आणि पन्नासपैकी ३८ राज्यांत तिथल्या न्यायाधीशांना कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या रूपात मतदारांपुढे जावं लागतं.

ही पद्धत काही खुळेपणातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले न्यायाधीश गव्हर्नर किंवा विधिमंडळ नेमत असे. साहजिकच नेमणुका मर्जीतल्या माणसांच्या होत. लोकांनी म्हटलं, न्यायाधीशाला आमच्या मताने बसवा, म्हणजे तो वरच्यांना भिणार नाही. १८३२ मध्ये मिसिसिपीने आपले सगळे न्यायाधीश निवडणुकीने नेमायचं ठरवलं. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तोच रस्ता धरला आणि मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. न्यायाधीशाला सत्ताधाऱ्यांच्या मुठीतून सोडवायचं, हा त्यामागचा हेतू होता. ज्यांना आज ही कल्पना विचित्र वाटते, त्यांनी तो आधी समजून घ्यावा.

विस्कॉन्सिन राज्य १८४८ मध्ये अस्तित्वात आलं, तेच निवडून येणारे न्यायाधीश घेऊन. तिथे १८५४ साली एक घटना घडली. जोशुआ ग्लोव्हर नावाचा एक काळा गुलाम मालकाच्या तावडीतून पळून या राज्यात आला होता. पळालेल्या गुलामाला धरून मालकाच्या स्वाधीन करावं, असा देशाचा कायदा होता. त्याला पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात ठेवलं. लोकांनी तुरुंगाचं दार फोडलं आणि त्याला सोडवलं. तो कॅनडाला पोहोचला. जमाव उठवल्याबद्दल शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बूथला मोकळं करताना देशाचा तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. बूथचा वकील होता बायरन पेन. १८५९ मध्ये वॉशिंग्टनमधल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा निकाल फिरवला. त्याच वसंतात विस्कॉन्सिनच्या मतदारांनी बायरन पेनला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून दिलं. गुलामाच्या बाजूने उभा राहणारा वकील मतांच्या जोरावर न्यायाधीश झाला. निवडणुकीच्या बाजूने याहून मोठा दाखला मला माहीत नाही, आणि तो सांगताना आजही ऊर भरून येतो.

आता त्याच न्यायालयाची दीडशे वर्षांनंतरची गोष्ट ऐका. लुई बटलर हे तिथले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. २००४ मध्ये गव्हर्नरांनी त्यांना रिकाम्या जागी नेमलं आणि २००८ मध्ये ती जागा टिकवायला त्यांना निवडणुकीला उभं राहावं लागलं. बटलर पूर्वी सरकारी खर्चाने गरीब आरोपींची बाजू मांडणारे वकील होते. विरोधकाने दूरचित्रवाणीवर जाहिरात केली. एका बलात्काऱ्याचा फोटो, शेजारी बटलरांचा फोटो, आणि सूचना अशी की यांनी पळवाट काढली, तो सुटला, त्याने पुन्हा अत्याचार केला. बटलरांच्या वकिलीमुळे तो माणूस सुटलाच नव्हता. शिक्षा भोगून बाहेर आला होता. पण जाहिरातीने आपलं काम केलं आणि बटलर थोड्या मतांनी पडले. १९६७ नंतर त्या न्यायालयातला पदावरचा न्यायाधीश प्रथमच निवडणूक हरला. दुबळ्याची बाजू घेतली म्हणून १८५९ मध्ये एकाला लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि तेच काम केलं म्हणून २००८ मध्ये दुसऱ्याला घरी बसवलं. न्यायालय तेच आणि पद्धतही तीच.

मधल्या काळात पैसा आला. २००४ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल लागलेला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होतं. कंपनीच्या प्रमुखाने त्या न्यायालयाच्या निवडणुकीत एका उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार जिंकला, अपिलाच्या सुनावणीला बसला, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की या न्यायाधीशाने बाजूला व्हायला हवं होतं. चार न्यायमूर्तींना तेवढंही मान्य नव्हतं. आणि विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल यांच्यात एकाच जागेसाठी लढत झाली, तिच्यावर दोन्ही बाजूंनी मिळून दहा कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. जगातला सर्वांत श्रीमंत उद्योगपती शिमेल यांच्यासाठी स्वतः प्रचाराला उतरला. क्रॉफर्ड जिंकल्या, पैशाचा डाव त्या वेळी फसला, हे खरं. पण एवढी रक्कम ओतून मिळवलेल्या खुर्चीकडे हरलेला पक्षकार कोणत्या नजरेने पाहील, हा प्रश्न राहतोच.

हे सगळं आपल्याला कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. निवडून आलेले न्याय देणारे आपल्याकडेही होते, म्हणून. याच तालुक्यांमध्ये, माझ्यासमोर बसलेल्या पिकल्या केसांच्या माणसांच्या हयातीत होते.

संस्थानी काळात जव्हार मुकणे राजांचं होतं आणि मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होता. इकडे शेवटचा शब्द राजाचा, तिकडे साहेबाचा. दोन्हीकडे वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर यांचे घरातले तंटे मात्र गावकीत मिटत. देज, काडीमोड, बांधाचा वाद, गुरांनी खाल्लेलं पीक. पाड्याचा कारभारी, चार म्हातारे, रात्रभर बसणं, आणि शेवटी दंड म्हणून सगळ्यांना जेवण किंवा दारू. ती पद्धत निर्दोष नव्हती. तिथे बाईचं म्हणणं फारसं ऐकलं जात नसे. पण बोली आपली होती, आणि निकाल का लागला हे सगळ्यांना कळत असे.

१९३२ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतींचं विधेयक आलं. गावच्या पंचायतीला छोटे दिवाणी-फौजदारी खटले चालवण्याचा अधिकार द्यावा, असं त्यात होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे सदस्य होते. त्यांनी या न्यायदानाच्या अधिकाराला कडाडून विरोध केला. ज्या गावात जात माणसाला पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही, त्या गावाच्या मतांवर निवडून आलेले पंच अस्पृश्य फिर्यादीला न्याय कसा देणार, हे त्यांच्या विरोधाचं मर्म होतं. विधेयक तरीही मंजूर झालं आणि १९३३ चा कायदा आला. पुढे संविधानात न्यायाधीशांची नेमणूक, त्यांची मुदत, त्यांचे पगार हे सारं निवडणुकीपासून आणि सरकारच्या लहरीपासून दूर ठेवण्याची जी काळजी घेतलेली दिसते, तिची मुळं मला त्या चर्चेतही दिसतात.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने न्यायपंचायती आणल्या. काही गावांचा गट करायचा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला एक सभासद न्यायपंचायतीवर निवडून द्यायचा. वकिलाला मज्जाव. तुरुंगात टाकण्याचा अधिकार नाही, दंड करता येई. किरकोळ चोरी, मारामारी, थोड्या रकमेचे दावे. कागदावर सुंदर योजना होती. गरिबाला तालुक्याला खेटे घालायला लागू नयेत, वकिलाची फी पडू नये, आपल्या भाषेत निकाल मिळावा.

पण त्या काळात इथलं गाव कसं होतं, ते आठवा. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव १९४५ मध्ये तलासरी-उंबरगाव-डहाणू भागात झाला. गोदावरीबाई परुळेकरांनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. वेठ कायद्याने गेली, पण खावटीचं कर्ज आणि सावकाराची वही गेली नाही. ग्रामपंचायतीत कोण येणार हे ज्याच्या कणगीत भात आहे तोच ठरवत असेल, तर त्या ग्रामपंचायतीने पाठवलेला न्यायपंच कुणाचा असणार? लंगोटी लावलेल्या कुळाने सावकाराविरुद्ध दावा घेऊन त्याच्यासमोर जायचं? गटबाजी, जातीचे हेवेदावे आणि कामकाजाची अनास्था यांनी न्यायपंचायती राज्यभर निष्प्रभ झाल्या. १९७५ मध्ये महाराष्ट्राने त्या कायद्यातूनच काढून टाकल्या. बाबासाहेबांचं म्हणणं त्रेचाळीस वर्षांनी सरकारला पटलं, असंच मी म्हणेन.

त्याच १९७५ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा अमलात आला. १९७४ चा अधिनियम, नोव्हेंबर १९७५ पासून लागू. बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी शोधून मूळ मालकाला परत द्यायच्या होत्या. ते काम ना निवडून आलेल्या पंचाकडे गेलं, ना दिवाणी कोर्टाकडे. ते महसूल अधिकाऱ्यांकडे दिलं, आणि अनेक ठिकाणी त्यांनी ते नेटाने केलं. कायद्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा डिसेंबर १९८४ मध्ये लिंगप्पा पोचण्णा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्या न्यायमूर्तींना कुठल्याही जमीनदाराच्या मतांची गरज नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवतो.

आता नागलीच्या शेतात येतो.

जंगलातला प्लॉट कसणाऱ्यांची अडचण अशी होती की त्यांच्याकडे कागद नव्हता. वनखात्याची दंडाची पावती असली तर तोच मोठा पुरावा. ज्याने चिरीमिरी देऊन सुटका करून घेतली त्याच्याकडे तीही नाही. कार्यकर्ते प्रदीप प्रभू आणि कष्टकरी संघटना हा प्रश्न घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९९५ मध्ये आदेश झाला की केवळ कागदावर अडून राहू नका, इतर पुरावाही तपासा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या या डोंगरांतून गेलेल्या त्या एका अर्जाचा विचार २००६ च्या वनहक्क कायद्यात उतरला, असं मी मानतो. त्या कायद्याने ग्रामसभेला आपल्यातून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडायला सांगितलं. समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात.

ही समिती प्लॉटवर जाते तेव्हा काय होतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. पुढे दावेदार, मागे समितीचे सदस्य, वनरक्षक, हातात जीपीएसचं यंत्र. कुणी राब भाजण्याची जागा दाखवतं. कुणी दगडांचा बांध दाखवतं, त्यावर वाढलेलं शेवाळ दाखवतं. बांधाच्या टोकाला मोहाचं झाड आणि त्याखाली उभा केलेला वीर, म्हणजे या घरातलं माणूस पिढ्यांपूर्वी इथे गेलं. मग शेजारची म्हातारी बोलावली जाते. ती सांगते की याच्या आज्याला मी इथे नागली लावताना पाहिलंय, तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. तिचं म्हणणं लिहून घेतलं जातं, खाली अंगठा येतो. कायदा म्हणतो, हा पुरावा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा, चार हेक्टरच्या मर्यादेत. समिती पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, पुढे प्रांताधिकाऱ्यांची उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. ग्रामसभेने अन्याय केला तर साठ दिवसांत वर दाद मागता येते.

इथे निवडून आलेली माणसं उपयोगी पडतात, आणि का पडतात हेच मला आज सांगायचं आहे. ज्या गोष्टीची गावाला माहिती आहे आणि सरकारला नाही, ती गावाने सांगावी. कुणाचा आजा कुठे नागली लावत होता हे मुंबईतल्या कुठल्याही न्यायमूर्तीपेक्षा त्या म्हातारीला चांगलं ठाऊक आहे. पण गाव ज्या माणसावर उठलं आहे, त्या माणसाचा निकाल गावाने देऊ नये. माहिती देणं आणि माणसाचा निवाडा करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

उदाहरण कटू आहे, पण तुमच्यासमोर ते टाळणं मला बरोबर वाटत नाही. पाड्यावर लागोपाठ दोन लेकरं दगावली. भगताने बोट दाखवलं. एका एकट्या विधवेचं नाव भुताळी म्हणून पुढे आलं. आता समजा, तिथला न्यायाधीश याच पाड्याच्या मतांवर बसलेला आहे आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याला पुन्हा मतं मागायची आहेत. त्या बाईच्या बाजूला एक मत आहे, तिचं स्वतःचं. समोर दीडशे मतं आहेत. तिला न्याय हवा असेल तर तो अशाच माणसाकडून मिळेल, ज्याला त्या दीडशे मतांची गरज नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. दोन्ही कायदे मुळात गावाविरुद्ध एकट्या माणसाला संरक्षण देण्यासाठी आहेत. ते राबवणारा हात गावाच्या मतपेटीत अडकलेला असून चालणार नाही.

२००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतही हीच रेघ पाळायला हवी होती. समिती ग्रामसभेत नेमली जाते, समझोता घडवते. बांधावरचा वाद, भाऊबंदकी यांत तिने चांगलं काम केलेलं आहे. पण बक्षिसाच्या गुणांसाठी तंटे मिटवायची घाई झाली, की मार खाल्लेल्या बाईलाच समजावून घरी पाठवणं सोपं जातं. तिथे तंटा मिटत नाही, फिर्याद मिटते.

माझे आदिवासी तरुण मित्र मला मेक्सिकोचा दाखला देतात. तो साधार आहे. १ जून २०२५ रोजी त्या देशाने अडीच हजारांहून अधिक न्यायाधीश थेट मतदानाने निवडले. सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षपदी ह्यूगो आगिलार ओर्तिस हे मिश्टेक या आदिवासी समाजातले वकील आले. आपल्यातला माणूस सर्वोच्च खुर्चीवर, याचा आनंद मला कळतो. आपल्याकडे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बाकांवर आदिवासी चेहरा किती क्वचित दिसतो, याची चीड तुमच्याइतकीच मलाही आहे. पण त्या दिवशी मतदान जेमतेम तेरा टक्के झालं. शेकडो अनोळखी नावांच्या मतपत्रिका, आणि कुणाला मत द्यायचं याच्या छापील चिठ्ठ्या वाटल्याच्या तक्रारी. आगिलार यांच्यासारखा माणूस वर जायला हवा, तर आश्रमशाळेतल्या मुलीला कायद्याच्या पदवीपर्यंत आणि पुढे न्यायाधीशपदाच्या परीक्षेपर्यंत नेणारी वाट आपण बांधायला हवी. नेमणुका करणाऱ्यांनी त्या बाकांवर या भागातली माणसं का नाहीत, याचं उत्तर द्यायला हवं. कॉलेजियमच्या बंद दारावर माझा आक्षेप आहेच. ते दार मतपेटीसाठी उघडावं असं मात्र मी म्हणणार नाही. बटलर यांचं काय झालं ते मी विसरू शकत नाही.

आणि न्यायपंचायती काढल्या, त्यांच्या जागी काय दिलं? १९७५ मध्ये दार बंद केलं आणि दुसरं उघडलं नाही. मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर पूर्वी ठाणं गाठावं लागे. ऑगस्ट २०१४ पासून पालघर, म्हणजे जव्हार, विक्रमगड, मनोर करत घाट उतरायचा. तारीख पडली की एक रोज बुडाला, भाडं गेलं. साक्षीदाराचंही भाडं आपणच द्यायचं. अशी दोन-चार वेळा फेरी झाली की माणूस दावा सोडतो.

संसदेने २००८ मध्ये ग्रामन्यायालयांचा कायदा केला, २ ऑक्टोबर २००९ पासून तो लागू आहे. त्यातला न्यायाधिकारी निवडून येत नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या पात्रतेचा माणूस उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमला जातो. पण तो एका जागी बसून राहू शकत नाही. त्याने ठरावीक काळाने गावांत जाऊन खटले चालवायचे असं कायदा सांगतो. निकाल राज्याच्या भाषेत द्यायचा. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला आपला आदिवासी भाग त्यातून वगळलेला नाही. अडचण एकच आहे. असं न्यायालय स्थापन करणं राज्यावर बंधनकारक नाही, करता येईल एवढंच म्हटलं आहे.

अशा अनुसूचित भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढीनुसार तंटे सोडवण्याची परंपरा जपायचा हक्क दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले. त्या नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येतं, आणि तुमच्यातल्या काहींनी तसे ठरावही केले असतील. माझी सूचना अशी आहे. येत्या ग्रामसभांमध्ये दोन ठराव एकाच दिवशी घ्या. पहिल्यात लिहा की बांध, गुरं, देज, वाटणी यांचे तंटे दोन्ही बाजूंच्या संमतीने ग्रामसभा मिटवेल. बाईवरचा हात, भुताळी ठरवणं, वाळीत टाकणं यांना ग्रामसभा हात लावणार नाही, ते थेट कोर्टात जातील. दुसऱ्यात मागणी करा की जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांना फिरतं ग्रामन्यायालय मिळावं, आणि न्यायाधिकाऱ्याची बैठक खोडाळ्यालाही व्हावी. ठरावाची एक प्रत प्रांताधिकाऱ्यांकडे द्या आणि दुसरी उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांच्या नावे पोस्टाने पाठवा. मसुदा मी करून आणला आहे, व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आहे. ग्रामसभेचं नाव आणि तारखेची जागा कोरी सोडली आहे.